काचेची जबाबदारी

राहू द्या, गायकर सर. टेबल डुलतंय ते मलाही दिसतंय. पण तुम्ही त्याच्या पायाखाली सारताय तो कागद माझ्या भाषणाचा आहे.

आता असू द्या तिथेच. टेबल थांबलं ना? मग मी तोंडीच बोलते.

समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या प्राचार्या शलाका मॅडम, अंबरनाथहून मुद्दाम आलेले स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक दिपेश सर, व्यासपीठावरील मान्यवर, पदार्थविज्ञानाचे आजी-माजी विद्यार्थी, उल्हासनगर कॅम्प पाचच्या ‘हरिदर्शन’ इमारतीतून आलेली मंडळी – सखूताई, मागे का उभ्या तुम्ही? पुढे खुर्ची आहे – आणि ज्यांना निरोप द्यायला आपण बदलापुरात जमलो, ते शरदचंद्र गायकर सर. मी अंजना. याच महाविद्यालयात मराठी शिकवते.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. मी माझी एक चूक सांगणार आहे. सरांचे गुण तिच्यातच आहेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तिघांचा एक संशोधन प्रकल्प मंजूर झाला. विषय एकच, जुनी इमारत. दिपेश सर तिच्या भेगा पाहणार. गायकर सर तिचा थरथराट मोजणार. आणि मी? मी तिथल्या बायकांना लिहायला शिकवणार. मंजुरीच्या बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं, “यात मराठीचं काय काम?” गायकर सर म्हणाले, “कळेल.” एवढंच. सर तासालाही असंच बोलत. विद्यार्थी माना डोलावताहेत, म्हणजे त्यांनीही अनुभवलंय.

हरिदर्शनच्या पहिल्या मजल्यावर सखूताई राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात वरच्या तुळईला एक भेग होती. दिपेश सरांनी त्या भेगेवर आडवी एक काचपट्टी बसवली, दोन्ही टोकांना प्लास्टर लावून. पद्धत जुनी आहे. भेग वाढली, की काच तडकते. काच शाबूत, तर भेग जागच्या जागी.

गायकर सरांची पद्धत वेगळी. दर महिन्याला ते वरच्या मजल्यावर जात, यंत्र जमिनीवर ठेवत, चवड्यांवर उभे राहत आणि धप्पकन टाचांवर येत. त्या धक्क्यानंतर स्लॅब किती वेगाने थरथरतो, ते यंत्र टिपून घेई. खालून सखूताईंची हाक येई, “ओ सर, हळू! माझ्या डाळीत चुना पडतो!” आम्ही हसायचो. ही हाकही खरं तर लिहून घ्यायला हवी होती.

पाच महिने गेले. काच शाबूत. दिपेश सर खूश. पण सरांचे आकडे दर महिन्याला उतरत होते. स्लॅबची थरथर मंदावत होती, म्हणजे त्याचा ताठपणा जात होता. दिपेश सर म्हणाले, “सर, तुमचं मशीन एकदा चेक करून घ्या.” सरांनी दोनदा तपासून घेतलं. यंत्र ठीक होतं.

दोन मोजमापांत भांडण लागलं, की तुमच्याआमच्यासारखा माणूस आपली बाजू धरतो. सरांनी तसं केलं नाही. ते माझ्या टेबलाशी आले. मी सखूताईंची वही तपासत होते. रोज घरातल्या पाच गोष्टी लिहायच्या, असा मी दिलेला अभ्यास होता. नव्याने लिहिणाऱ्या माणसाची वाक्यं कशी वाढतात, हे मी बघत होते. सरांनी विचारलं, “बाई, ही काय लिहिते?”

मी म्हटलं, “सर, पहिल्या महिन्यात सरासरी तीन शब्द होते. आता सहा.”

“ते नाही. काय लिहिते?”

पाच महिने मी त्या वहीतले शब्दच मोजत होते.

सर बाजूला बसले. मी पान उलटून मोठ्याने वाचायला लागले. ‘नळाला पाणी उशिरा आलं.’ ‘नातीला ताप.’ आणि मग, ‘आज काच तडकली. सर यायच्या आधी बदलली.’

खाली माझ्या लाल शाईने लिहिलेलं होतं, ‘छान.’

अशा चार नोंदी होत्या. चार वेळा तडकली, चार वेळा बदलली. चारही ठिकाणी माझा ‘छान’.

वाटेत अंबरनाथला दिपेश सरांना घेतलं आणि आम्ही तिघं रिक्षाने तडक हरिदर्शनला गेलो. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “सखूताई, काच का बदललीत?”

त्यांनी तुळईकडे बोट दाखवलं. “तुम्हीच लिवलंय ना, मॅडम. वाचा.”

काचेशेजारी चिठ्ठी होती. अक्षर माझं. ‘ही काचपट्टी महाविद्यालयाची आहे. तिची जबाबदारी रहिवाशांची राहील.’

सभ्यहो, हे वाक्य मी दहा मिनिटं घोळवून लिहिलं होतं. मला ते नेमकं वाटलं होतं. ही काच तडकण्यासाठीच लावली आहे, तडकली तर आम्हाला कळवा, हे मी त्यात कुठेही लिहिलं नव्हतं. एका जबाबदार बाईने ते वाक्य वाचलं आणि जबाबदारी घेतली. शेजारच्या फ्रेमवाल्या धर्मेशभाईंकडून तेवढीच काच कापून आणायची, स्टुलावर चढून प्लास्टरने बसवायची. धर्मेशभाई म्हणायचे, “क्या सखूबाई, घर में क्रिकेट खेलती हो?”

दिपेश सर तोपर्यंत भिंतीला टेकले होते. “पाच महिन्यांचा डेटा गेला,” म्हणाले.

सखूताईंना वाटलं, काचा गेल्या म्हणताहेत. “गेल्या कुठं? तुमची वस्तू मी टाकीन का?” त्यांनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत चार पुड्या. प्रत्येकीत तडकलेल्या काचेचे तुकडे, आणि प्रत्येकीवर त्यांच्या हाताने लिहिलेली तारीख.

सरांनी त्या तारखा आपल्या आकड्यांशेजारी मांडल्या. उतरण जुळत होती. पहिली काच टिकली सात आठवडे, चौथी नऊ दिवस.

त्याच संध्याकाळी सखूताईंचं घर आणि वरचं घर रिकामं झालं, खाली टेकू लागले. दिपेश सरांनी तुळई उघडली तेव्हा आतली गंजलेली सळई बोटाने सोलता येत होती. त्याबद्दल मी अधिक बोलत नाही. त्या स्वयंपाकघरात पाच माणसं जेवत होती.

मी सरांना म्हटलं होतं, “माझं नाव प्रकल्पातून काढा.” सर म्हणाले, “चूक सापडली कुठे? तुमच्या वहीत. मग नाव कशाला काढू?” शोधनिबंधातला तिसरा तक्ता त्या डब्यातून आला आहे. सरांनी लेखकांमध्ये सखूताईंचंही नाव घातलं. संपादकांनी पत्र पाठवून त्यांची संस्था विचारली. सरांनी कळवलं, ‘हरिदर्शन, पहिला मजला.’ तसंच छापून आलं.

आता हरिदर्शनमध्ये नवी चिठ्ठी आहे. ती मी लिहिलेली नाही. सखूताईंनी लिहिली आहे. ‘काच तडकली तर हात लावू नका. फोन करा. कोणी ओरडणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य मला सुचलं नसतं.

घर रिकामं केल्यापासून सखूताई शहाडला बहिणीकडे राहताहेत, एका खोलीत सात माणसं. तुळईची दुरुस्ती झाली. सरांचे आकडे पुन्हा वर आले. मग तीस दिवसांच्या मुदतीने नवी काच बसवली, तिच्यावर तिघांच्या सह्या आहेत. उद्या तिची मुदत भरते. शाबूत असेल, तर घर उघडायचं. नसेल, तर पुन्हा टेकू. आज इथे टाळ्या वाजवताना सखूताईंचं लक्ष कुठे आहे, हे मला ठाऊक आहे. सर, तुमचंही तिथेच आहे. नोकरीचा शेवटचा दिवस आज असला, तरी उद्याचं काम तुम्ही आधीच वहीत लिहून ठेवलंय. मी पाहिलं. यावेळी वाचूनसुद्धा पाहिलं.

सर, आपल्याला दीर्घ आयुष्य लाभो, आणि ‘काय लिहिते?’ हा प्रश्न आमच्याकडे राहो. प्राचार्या मॅडमचे, दिपेश सरांचे, पुढच्या खुर्चीवर न आलेल्या सखूताईंचे आणि शांतपणे ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. कागद टेबलाखाली असल्यामुळे कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर सांभाळून घ्या. त्याची जबाबदारी मात्र माझी राहील.

*

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी आठ वाजता आम्ही चौघं हरिदर्शनमध्ये गेलो. सर स्टुलावर चढले. काच शाबूत होती. सखूताईंनी ते तारीख घालून वहीत लिहिलं, मग शेगडी आणायला शहाडची रिक्षा पकडली.