फाटका कान

बसा की काका, उठता कशाला? आमच्या आजोबांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, गिऱ्हाईक सांगेल तसं मेलेलं जनावर भरून उभं करायचं, ते कसं मेलं ते विचारायचं नाही, आणि का विचारायचं नाही तेपण विचारायचं नाही. म्हणून तर तुम्ही हा काळवीट पळता पाहिजे म्हणालात, मी पळता म्हटलं — पुढचे दोन्ही पाय हवेत, मान ताणलेली, शिंगं पाठीवर. सोलापूरकडच्या माळावर जीपच्या पुढं धावत होता, तुमच्या पोरानं, ऋतुराजनं पळत्यावर टिपला म्हणे. झकास. काळवीट मारला तर माणूस आत जातो हे तुम्हाला माहीत आहे, मलापण आहे, म्हणून तर पोत्यात घालून मागच्या दारानं आणलात. — 'रुबीना, गप' काय, आजोबा? मी कुठं भांडतेय? मी कामाचंच बोलतेय.

आता बघा, नुसती शिंगं फळीवर लावता येतात. खांद्यापर्यंत मुंडकं करता येतं. तुम्हाला आख्खा पाहिजे, नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात, आलेल्या पावण्याची नजर पहिली त्याच्यावर गेली पाहिजे. बरं. पण एवढ्या हौसेनं शिकार मांडणारा माणूस 'डावा कान शिवून घे' असं का सांगतो? नर जनावर, झुंजीत कान फाटतोच, शिकारी लोक तर मिशीला पीळ देऊन दाखवतात. आणि मानेत भराव जास्त घाल, जाड दिसू दे. रंग आणखी काळा कर. का? तर शोभा म्हणून! व्हय, शोभाच असणार.

परवा मी ती कातडी धुतली. आजोबांचा हात थरथरतो आता, सुईत दोरा जात नाही, वर्ष झालं सगळं मीच करते — हे बाहेर बोलू नका हं, दुकान आजोबांच्याच, 'बाबालाल' या नावावर चालतं. झालं, बोलून बसले. असू दे. तर कंगवा फिरवत होते आणि मानेपाशी अडकले, कारण तिथं केसच नव्हते. गोल पट्टी, घासून घासून गुळगुळीत. माळावरच्या काळविटाला पट्टा कोण घालतं, काका? आणि गोळी? पळणाऱ्याला मागनं लागते, फारतर बाजूनं. याला छातीत लागलीय. समोरून, इतक्या जवळून की केस करपलेत. हा पळत नव्हता. हा येत होता.

तुमच्या मळ्यावर मी येऊन गेलेय, विसरलात? तुमच्या पणजोबांनी भरून घेतलेल्या वाघाला कसर लागली होती, तेव्हा. तुमच्या आई, आक्का, कट्ट्यावर बसून पितळेची ताटली वाजवत होत्या, आणि उसातून हाच काळवीट आला. मांजरासारखा. हातातली भाकरी खाल्ली आणि त्यांच्याच पदराला तोंड पुसलं. पाडस असताना कुत्र्यांनी कान फाडलेला, आक्कांनी हळद लावून जगवला, गळ्यात पट्टा बांधला. म्हणून काल मी परत मळ्यावर गेले — हो, गेले, तुम्हाला न विचारता गेले! आजोबा, डोळे वटारू नका. आक्कांना काही सांगितलं नाही मी. सांगायला गेले होते, पण माझ्याआधी त्याच म्हणाल्या, ऋतुराजच्या मित्रांची जेवणं होती, पोरांनी फटाके उडवले, त्या आवाजानं बिचारा कुठं पळाला कुणास ठाऊक. फटाके! काका, तुम्ही आईला फटाके सांगितलेत? मग त्यांनी ताटली घेतली. वाजवली. थांबल्या. उसाकडं बघितलं. परत वाजवली. आणि मला म्हणतात, "तुझ्या कानाला येतंय का गं काही?" कालपासून गल्लीत कुणाचं भांडं वाजलं की मी त्या कोपऱ्यातल्या पिंपाकडं बघते. मिठातली नुसती कातडी आहे. मी झूलॉजी शिकलेय, मला कळतं की. तरी बघते.

आणि नव्या बंगल्यात आक्का कुठं बसणार? त्याच दिवाणखान्यात ना? म्हणून कान शिवायचा. म्हणून मान जाड, रंग काळा, म्हणून पळता — कारण त्यांनी त्याला पळताना कधी बघितलाच नाही, त्यांच्याकडं तो चालत यायचा. आजोबा म्हणतात, जुनं गिऱ्हाईक आहे, मांडीचे केस मानेला चिकटव, कुणाला कळत नाही. तुम्ही म्हणता, म्हातारीला आता दिसतंय कुठं. दिसत नाही तर कान शिवायला कशाला सांगता, काका?

मी करणार नाही. पळता नाही, उभा नाही, नुसती शिंगंसुद्धा नाही. कातडी बांधून देते, आक्कांच्या पुढ्यात नेऊन ठेवा आणि काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा. ऋतुराजलापण शेजारी बसवा. न्हाईतर आजोबा, तुम्ही शब्द दिलाय ना? ही घ्या सुई. शिवा तो कान. घ्या की. — काका, तुम्ही तरी सांगा त्यांना. आत्तापर्यंत तर दोघं मिळून मला समजावत होता.