मदर-इन-लॉच्या चार टाळ्या

…नाही, पण मला सांगा, सून कुणाची? सुभद्राबाईंची! बारावी शिकलेली मुलगी धुळ्याहून शोधून इथं लिंबायतला आणली कुणी? सुभद्राबाईंनी! आणि दुपारी भूपेंद्र, म्हणजे तिचा नवरा, कापडाच्या लूमवर कामाला गेला की ही सोनाली ओट्यावर बसून इंग्रजी शिकवते कुणाला? तर शेजारच्या प्रमिलाबाईला! आता जळू नये तर काय करावं माणसानं?

तुम्हाला सांगतो, गल्लीतल्या बायकांनी पोरं इंग्लिश मीडियमला घातलेली, म्हणून ही हौस. सोनाली सांगायची, "लांब शब्दाला घाबरायचं नाही, तुकडे पाडायचे. एका तुकड्याला एक टाळी." की लगेच प्रमिलाबाई टाळ्या पिटणार, 'टे-बल-क्लॉथ!' आणि सोनाली म्हणणार, "वा, मावशी!" मावशी!… आत सुभद्राबाई भाकरी अशा थापायच्या की भिंत हलावी. तसं सुनेनं बोलावलं होतं हो, "आई, तुम्हीपण या," पण सासूनं सुनेपुढं पाटी घेऊन बसायचं? जळू नये तर काय करावं!

आणि एक दिवस शब्द निघाला 'मदर-इन-लॉ'. सोनाली म्हणाली, "तीन शब्द जोडून हा एक झालाय. मदर म्हणजे आई, लॉ म्हणजे कायदा. मिळून अर्थ, सासू." तर प्रमिलाबाई म्हणते कशी, "म्हंजे कायद्यापुरती आई!" आणि बायका हसल्या… खो-खो हसल्या हो!

सुभद्राबाई पिठाच्या हातांनी बाहेर. "ए प्रमिले, मनी सून शे ही, तुनी नही!"

सोनालीनं सासूचा हात धरला. "आई, तुमचाच शब्द आहे. तुम्हीच तोडा ना."

आता माघार कशी घ्यायची? बाईंनी टाळ्या मारल्या, 'मद-रिन-लॉ!' तीनच! पीठ सगळं प्रमिलाबाईच्या तोंडावर.

"चार, सुभद्राबाई," तोंड पुसत ती म्हणाली, "म… दर… इन… लॉ."

जळू नये तर…! पण बसल्या. प्रमिलाबाईला सरकवून, अगदी सुनेच्या गुडघ्याला लागून बसल्या. हक्काची जागा!

आणि सून? तिला शिकवताना नातंगोतं काही दिसत नाही, चुकलं की शिक्षा म्हणून उभं करते, विचारल्याशिवाय काही करू देत नाही. परवा भूपेंद्र पाळीवरून घरी येतो तर काय, त्याची आई स्टोव्हपाशी उभी राहून सुनेला विचारतेय, "मॅडम, डाळीला फोडणी देऊ का?"