अंगणातली बोट

मांजरसुंब्याला एसटीची वाट बघता बघता वत्सलाबाईंचे कान शेजारच्या दोघांकडं लागले.

"शहादेव, तळं भरलं बे! आमच्या संस्थेची सहलीची बोट आज पाण्यात!"

"धर्मराज, वर्षाकाठी चालती तरी किती ती?"

"घडीभर. दर दसऱ्याला नारळ फोडून इंजिन चालू करतो, समदे सभासद आत बसतेत."

"कुठं?"

"माझ्या अंगणात. दुष्काळात पाणी कुठलं?"

"मंग आज मी बी येतो!"

"ये की! पवायला येतं ना तुला?"

"न्हाई. कावून?"

"संस्थेत कुणालाच येत न्हाई."

एसटी आली. वत्सलाबाईंनी तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"मला येतं. हिरीत शिकले. पर बोट मी चालवणार!"