मनालीच्या रायफलीचा शेवटचा स्क्रू

तुम्ही सगळे मला बोटींच्या इंजिनांचा मेस्त्री म्हणता ना, मग हे ऐका. माझी लेक मनाली एअर रायफलने नेमबाजी करते. स्पर्धा दोन दिवसांवर आली म्हणून तिने घरीच रायफल उघडून पुसली आणि परत जोडायला घेतली. काढलेले स्क्रू क्रमाने करवंट्यांत ठेवले होते. सगळं बसलं, पण लाकडी दस्त्याचा शेवटचा स्क्रू जाईना. म्हटलं, "सर गो, जोर लावल्याशिवाय तो जावचो नाय," आणि पक्कड उचलली.

"बाबा, थांब. आटे जातले."

तिने तो स्क्रू बोटांनी आधी उलटा फिरवला. आटे जुळल्याचं बारीकसं टक झालं. मग सुलटा फिरवला, तर लोण्यात जावा तसा आत गेला.

"ह्यां तुका कोणी शिकवल्यान?"

"तूच. इंजिनाचो प्लग बसयताना. माका सांगितलंस आणि आपण विसारलंस."

तेव्हापासून पक्कड तिच्या ताब्यात आहे. मला हवी असली तर कारण सांगून मागावी लागते. गिऱ्हाईक समोर असलं की जरा मोठ्यानेच मागतो, लेकीचं कसब त्यालाही कळू दे.