करून दाखव

सुप्रिया : आई, पेनाचं टोपण चावू नकोस. 'स्विम'. नाम की क्रियापद?

पुष्पा : क्रियापद.

सुप्रिया : बरोबर. पण हात कशाला हलवलेस?

पुष्पा : पोहून बघितलं गं. त्याबिगर मला उमगत न्हाई.

सुप्रिया : उद्या दहावीचा इंग्रजीचा पेपर आहे तुझा. तिथंही अशीच पोहणार?

पुष्पा : म्हणून तर म्हणते, उद्या नगं जायला. भाईरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तवाच माझी अक्कल कुठं गेली व्हती कुणास ठाऊक. चाळिशीची बाई पोरासोरांत बसून हातवारे करणार. परत तेच.

सुप्रिया : परत म्हणजे?

बिरदेव : मला इचार. तुझ्या आईला ही खोड तिच्या बापानंच, म्हंजी मीच लावली.

सुप्रिया : आबा, तुम्हाला कुठं इंग्रजी येतं?

बिरदेव : यायला कशाला पायजे? दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन माळशेज उतरायचो. गावची, खोडदची शाळा राह्यली मागं. दिस मावळला की मेंढरांभवती जाळं लावायचं, वाघूर म्हणत्यात त्याला, अन् मग ही कोकरू मांडीवर घेऊन पुस्तक काढायची. म्हणायची, आबा, नाव कुठलं अन् काम कुठलं, माझा लई घोळ व्हतोय. म्हणलं, करून दाखव. जमलं तर काम, न्हाई जमलं तर नाव.

पुष्पा : 'जम्प' म्हणलं की आबा घोंगडी टाकून उडी मारायचे. तुझी आजी भाकरी थापता थापता डोळं मिटून 'स्लीप' करायची. एकदा खरंच डोळा लागला तिचा. सगळ्यांनी करपलेली भाकर खाल्ली. पर काय हसलो त्या दिशी.

बिरदेव : तुझ्या आजीनं, गजरानं, माझ्यावरच ढकललं. तुमच्या विंग्रजीपायी झालं म्हणली.

सुप्रिया : मग घोटाळा कुठं झाला?

पुष्पा : खाली कोकणात एका शाळेत बसू दिलं व्हतं मला. सहावीची परीक्षा. नामं एकीकडं लिवा, क्रियापदं दुसरीकडं. मी आपली उभी राहून एकेक शब्द करून बघाय लागले. 'जम्प'ला उडी मारली. सगळा वर्ग हसला. बाईपण हसल्या. मी दप्तर तिथंच टाकून पळाले.

सुप्रिया : तिथं शाळा सुटली?

पुष्पा : तिथंच.

बिरदेव : मी म्हणलं व्हतं, सकाळी तुझ्यासंगं येतो, वर्गाच्या दाराशी बसतो, बघू कोण हसतंय. पर ज्याच्या भाताच्या खाचरात लेंडीखतासाठी मेंढरं बसवली व्हती तो म्हणला, झालं खत, हला आता. पहाटंच घोड्यावर बिऱ्हाड लादलं.

पुष्पा : मी घोड्यामागं चालत व्हते. शाळेची घंटा ऐकू आली. लई रडले मी, पर मागं वळून बघितलं न्हाई.

(बिरदेव खुंटीवरचं पागोटं काढून झटकतो.)

सुप्रिया : आबा, आत्ता कुठं निघालात?

बिरदेव : उद्याची तयारी करतोय. पुष्पे, पेपर किती वाजता?

पुष्पा : अकराला. कशापायी?

बिरदेव : मी येतो.

पुष्पा : आबा, तिथं आत सोडत न्हाईत कुणाला.

बिरदेव : गेटाभाईर बसंन. तू हात हलव, न्हाईतर पाय हलव. कुणी हसलं तर मी हाय भाईर.

पुष्पा : तीन तास उन्हात कशाला बसताय तुमी?

बिरदेव : मेंढरं इकली पोरी. आता कुठं उठून जायचंय मला.