दुसरा मजला की तळमजला

आयुष्यभर लोकांची पत्रं न उघडता पोचवली, त्याचं उट्टं निवृत्त पोस्टमन आता कानांनी काढी. बिल्डरच्या ऑफिसात शेजारी म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईच्या मांडीवर दवाखान्याची फाइल.

"दुसरा मजलाच घेऊ," ती म्हणाली. "ऊन आहे, भाडंही चांगलं येईल."

"लिफ्ट नाही. तळमजला घेऊ."

"त्या ओलीत? विकताना कुत्रं विचारणार नाही."

"तुला जिना चढवत नाही."

"मला चढायचाय किती दिवस? डॉक्टर बोलले ते ऐकलंत ना? मी गेले की लेकीकडे राहा, हा भाड्यानं द्या. फायद्याचं बघा जरा!"

"बघतोच आहे."

आतून हाक आली. म्हातारा उठला.

"तळमजला लिहा. आणि दारापुढच्या पायऱ्या काढून उतार करा. पण लवकर करा."