तो हार आधी काढा

मंडळी, भाऊसाहेब, शरयूताईंच्या घरची माणसं, आपल्या दिवाळी अंकाचे लेखक, आणि लेख परत आला तरी मनात काही न ठेवता आज आलेले लेखक, आपण सगळे जमलात. ताईंना बरं वाटलं असतं. तसं त्यांनी बोलून दाखवलं नसतं. "एवढी गर्दी वर्गणी भरायला का होत नाही?" असं विचारलं असतं.

शोकसभेत बोलणं अवघडच. ताईंच्या शोकसभेत जास्त अवघड, कारण सारखं वाटतं, समोरून आवाज येईल, "वंदना, वाक्य लांबलं." माझा विनोदी लेख त्या दर दिवाळीला कापायच्या. कापल्यावरच तो विनोदी व्हायचा.

रडायचं ते मी घरी रडून आले. इथं भांडायला आले आहे.

हे टेबल बघा. ताईंचा फोटो, फोटोला हार. शेजारी ताईंचा कॉम्प्युटर. त्यालाही हार. मघाशी अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, "ताई गेल्या आणि पाठोपाठ त्यांच्या या सोबत्यानंही मान टाकली." मागच्या रांगेत डोळे पुसले गेले. मग हळूच दुसरी बातमी आली. मशीनच गेल्यामुळे अंक यंदापासून बंद, तसा मंडळाचा ठराव झालाय, आणि सभा संपली की मशीन भंगारात. ताई, मशीन, अंक. एका हजेरीत तीन श्रद्धांजल्या. आपण पुणेकर काटकसरी आहोत, पण इतके?

त्या मशीनमध्ये काय आहे, माहीत आहे? आजवरचा प्रत्येक अंक. जुन्या फॉण्टमध्ये, जो फक्त त्या जुन्या सिस्टीमवरच उघडतो. नव्या लॅपटॉपवर उघडून बघा, 'आई' हा शब्दसुद्धा चिन्हांची भेळ होऊन येतो. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या गेलेल्या आईचं, वडलांचं लिहिलेलं शेवटचं पान त्यात आहे. छापील अंक आहेत ना, म्हणाल. कचेरीतले छापील अंक तुम्हीच वाचायला नेलेत. परत कोणी आणले? हात वर करा. बघा!

मघाशी एक वक्ते गहिवरून म्हणाले, माणसाला बॅकअप नसतो. ताईंनी हे वाक्य छापलं नसतं. माणसाला नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या कामाचा घ्यायच्या.

दर शनिवारी, न चुकता. आधी नको त्या फायली पुसायच्या. मग मशीनचा डबा उघडून रंगाऱ्याच्या ब्रशनं पंख्यावरची धूळ झाडायची. मग दुपारी एक ते चार डिस्कवरचं विखुरलेलं सामान एका जागी लावायला सोडायचं. त्या वेळात कोणी आलं, तर दारातूनच, "तो झोपलाय. तुम्हीही झोपा." इंटरनेटची तार त्याला कधी लावली नाही. "बाहेरचं खात नाही तो." लेखकानं पेनड्राइव्ह काढला, की उंबऱ्याकडे बोट. चपला बाहेर, पेनड्राइव्ह बाहेर! आधी दुसऱ्या मशीनवर तपासणी, मग प्रवेश.

भाऊसाहेबांचा पुतण्या निखिल हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. तो एकदा कळवळून म्हणाला, "काकू, याचा सपोर्ट केव्हाच बंद झालाय हो!"

ताई म्हणाल्या, "सपोर्ट? हे गेल्यापासून मलाही नाही. चालतेय ना मी?"

आणि खंडेनवमी. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. कचेऱ्यांत मॉनिटरला झेंडू बांधतात, कीबोर्डवर कुंकू सांडतात, पेढा खातात, घरी जातात. ताई त्या दिवशी चालत्या मशीनची डिस्क काढून ठेवायच्या. दुसरी, कोरी डिस्क बसवायच्या. आणि बॅकअपवरून सगळं पहिल्यापासून उभं करायच्या. सिस्टीम, फॉण्ट, अंक, सगळं. मला शेजारी बसवायच्या. मी कुरकुरायची, "ताई, मला विनोद सुचतात, स्क्रू सुचत नाहीत."

"तुझा लेख आत आहे ना? मग आत काय आहे ते बघ. आणि ऐक, बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. तो परत उभा राहतो का, ते बघायचं. हत्यार चालतं का ते न बघता नुसती फुलं वाहणं, याला पूजा म्हणत नाहीत, कंटाळा म्हणतात."

आता हे मशीन 'गेलं' कसं, ते ऐका. ताई गेल्याची बातमी आली तेव्हा ते चालूच होतं. भाऊसाहेब कचेरीत आले आणि म्हणाले, "सुतकात मशीन कशाला चालू?" आणि भिंतीतला प्लग ओढला. रीतसर बंद न करता. ओढला, गुंडाळला, ठेवून दिला. भाऊसाहेब, तुमची भावना खरी होती. पण अशानं माणूसही दचकेल हो.

त्या डब्यात घड्याळ चालवणारा एक बटणाएवढा सेल असतो. तो म्हातारा झाला होता. अहोरात्र भिंतीची वीज मिळायची, म्हणून निभत होतं. प्लग निघाला आणि घड्याळ थांबलं. तेरावा झाल्यावर मंडळानं मशीन लावलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, तारीख-वेळ चुकली आहे, पुढं जायचं तर अमुक बटण दाबा. अख्ख्या मंडळानं त्या ओळींकडं मृत्यूच्या दाखल्याकडं बघावं तसं बघितलं. वाचलं कोणीच नाही.

निखिल आला, त्यानं बटण दाबलं. पण मशीन दचकून बंद झालेलं, त्यामुळं ते स्वतःची डिस्क तपासायला बसलं. टक्क्यांचा आकडा पुढं सरकेना. निखिलनं बंद केलं. परत लावलं, परत तपासणी, परत बंद. मग निकाल, डिस्क गेली. निखिल, खाली बघू नकोस. तुला कोणी थांबायला शिकवलंच नाही, यात तुझा दोष नाही.

काल दुपारी मी शनिवार पेठेतल्या घड्याळजीकडून नवा सेल आणला. बसवला. तारीख घातली. तपासणी सुरू झाली. आकडा अडला. गेलं असेल तर? बॅकअप होता, पण तो उभा करायला हेच जुनं मशीन लागतं. ताईंनी केलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर गेलं असेल तर? हात दोनदा बटणाकडं गेला. पण मागून कोणीतरी म्हटल्यासारखं वाटलं, "तो झोपलाय." मी हात मांडीवर ठेवून बसले. आकडा हलला. उन्हं उतरली तेव्हा पडद्यावर त्या जुन्या सिस्टीमच्या चित्रातली ती हिरवी टेकडी आली. पुण्यातल्या टेकड्यांवर बिल्डर चढले. ताईंची टेकडी अजून हिरवी आहे.

सगळे अंक आहेत. एकेक उघडून बघितला. बघायचं असतं.

तेव्हा भाऊसाहेब, तुमच्याकडे ठराव आहे, माझ्याकडे चालू मशीन आहे. अंक यंदा निघणार. मी काढणार. येत्या खंडेनवमीला डिस्क काढून दाखवणार, आणि निखिल शेजारी बसणार. आत्ता हा एक्स्टेन्शन बोर्ड त्यानंच आणून दिलाय.

आता श्रद्धांजली. फोटोचा हार राहू दे. हा दुसरा मी काढते.

मशीन सुरू व्हायला उशीर लागला, की ताई ताटकळलेल्या लेखकाला सांगायच्या, "दोन मिनिटं लागतात त्याला. तेवढं गप्प राहता येतं का बघा." शोकसभेतही तेवढीच शांतता असते. उभे राहा. मोबाईल बंद. मी बटण दाबतेय. ओळखीची धून वाजेल. वाजली की बसा.

भाऊसाहेब, तुम्ही मात्र उभेच राहा. भंगारवाला दारात आलाय, त्याला परत पाठवायचंय.